जांभळी केबल

वरच्या खोलीत चाळीस सर्व्हर.
वर म्हणजे अताकामाच्या माथ्यावर, पाच हजार मीटर,
जिथं उकळता चहासुद्धा जीभ भाजत नाही
आणि बुटाची नाडी बांधून माणूस दमतो.
आम्ही खाली, पत्र्याच्या तळावर.
मधे दीड तासाचा रस्ता, त्याला कठडे नाहीत.
दिवसाही नाहीत, पण दिवसा निदान ते दिसतं.

म्हणून नोल्बेर्तो कोल्के म्हणाला,
आधी मागचं दार काढू, मग घर.
पावाच्या कागदावर त्यानं दोन रेघा ओढल्या.
एक जाड : दुर्बिणीचे आकडे या वाटेनं उतरणार.
एक बारीक, जांभळ्या पेन्सिलीची,
जिच्यातून एकही तारा येणार नव्हता.
"मग हिच्यातून येणार काय?"
"मी पडलोय, उठव. एवढंच."

जांभळीच का, तेही मी विचारलं.
सोकायरेला त्याची आई लामांच्या कानांत
जांभळी लोकर ओवायची,
दुसऱ्याच्या कळपात शिरलं तरी
आपलं जनावर डोंगरापलीकडून ओळखू यावं म्हणून.

मग नऊ दिवस केबल.
नाकात प्राणवायूची नळी, हातमोजे खिशात,
कारण चिठ्ठी हातमोज्यानं चिकटत नाही.
सतरा इथं, सतरा तिथं. दोन्ही टोकांना एकच आकडा,
आकड्यावर पारदर्शक पट्टी.
जाड वाट उजव्या जाळीतून, बारीक डाव्या,
दोघींची भेट कुठंच नाही.
मी केबल ताणून बसवली की तो येऊन सैल करी,
वीतभर झोळ ठेवी.
"भूकंप येतो तेव्हा ताठ असलेलं आधी तुटतं."
चाळीस यंत्रं, अठ्ठेचाळीस भोकं.
उरलेली आठ?
"पाहुणे येतात."

शेवटच्या दिवशी माझं डोकं ठणकत होतं.
छोट्या स्विचचा प्लग हातात,
आणि जवळच्या पट्टीत एक जागा रिकामी.
लावला.
हिरवा दिवा लागला. आम्ही खाली आलो.

ऑगस्टमधली रात्र. पांढरा वारा.
माझ्या पडद्यावर चाळीसही ओळी एकदम गप्प.
मी मागच्या दाराला गेले.
मागचं दारही गप्प.
वर यंत्रं जागीच होती, सगळी,
घरघरत, पंखे फिरवत, हाकेची वाट बघत,
आणि दोन्ही वाटा मेलेल्या,
कारण दोघींचा जीव एकाच पट्टीत
आणि पट्टीचा खटका पडलेला.
एवढं जपून वेगळ्या ठेवलेल्या दोघी,
त्यांची गाठ मीच घालून दिली होती, भिंतीपाशी.

नोल्बेर्तो रागावला नाही. स्वेटरवर स्वेटर घालत म्हणाला,
"किल्ली आत ठेवून कुलूप लावलंस, यास्ना,"
आणि गाडीत दोन सिलिंडर टाकून गेला.
मागचा लाल दिवा वळणापर्यंत दिसला.
मग फक्त रेडिओ. दर दहा मिनिटांनी :
"आहे."
"आहे."
एकदा वीस मिनिटं काहीच नाही.
त्या वीस मिनिटांचं मला आजही
कुठल्याच नोंदवहीत काही लिहिता आलेलं नाही.
मग "आहे. चाक बदललं."

साडेचारला पडद्यावर पहिली ओळ उमटली.
मग सतरा. मग कुठल्याही क्रमानं, धडाधड.

आता छोट्या स्विचला स्वतःची बॅटरी आहे,
आणि डोंगराच्या दुसऱ्या अंगानं जाणारी
रेडिओची तिसरी वाट,
पावाच्या दुसऱ्या कागदावर आखलेली.
नोल्बेर्तो निवृत्त झाला, सोकायरेला असतो,
फोन केला तर बटाट्यांबद्दल बोलतो.
रात्री सतरा नंबर पडतो, अधूनमधून, तोच पडतो.
मी मोज्यांवर उठते, किटली ठेवते,
एक ओळ लिहिते : बंद. चालू.
पाणी उकळायच्या आत तो उठलेला असतो.
वर कुणाला धाप लागत नाही.

मागच्या महिन्यात धूळ पुसायला वर गेले,
तेव्हा प्लगवरची चिठ्ठी पाहिली,
त्या रात्रीची, थरथरत्या अक्षरातली :
इथून हलवू नये.
खाली, त्याहून बारीक :
यास्नाने आधी विचारावे.
तिच्यावर मी पारदर्शक पट्टी लावली.